जुनं लाकडी घर विकत घेऊन दुसरीकडे उभं करायचंय. कुणी केलंय का?

निळीखिडकी
नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरजेपोटी लिहितेय.

एक जुनं लाकडी घर विकाऊ आहे. फक्त घर, खालची जमीन नाही. मालकांना जागा मोकळी हवीय, त्यामुळे "घेऊन जा, नाहीतर पाडून टाकतो" असं त्यांचं सरळ म्हणणं. दोन मजली, खांब आणि तुळयांचा सांगाडा, मधल्या भिंती फळ्यांच्या, वर कौलं. माझी स्वतःची जमीन आहे, पण ती लांब. ट्रकने पूर्ण दिवसाचा रस्ता.

लाकडातलं मला ओ की ठो कळत नाही. जिन्याच्या कठड्यावर हात टेकला आणि डोक्यात किडा शिरला, एवढंच. (किडा कठड्यातही असेल, हे नवऱ्याचं म्हणणं.)

अख्खं घर उचलून नेता येतं, की सुटं करावं लागतं? सुटं केलेलं परत तसंच उभं राहतं का? आणि हो म्हणायच्या आधी मी नेमकं काय तपासू? मालकांना पंधरा दिवसांत उत्तर हवंय.

रिकामटेकडा_७
घर पाहावं बांधून, हे ऐकलं होतं. सोडून पाहावं हे नवीनच!

गंभीरपणे सांगतो: घर घेऊ नका, लाकूड घ्या. चांगल्या तुळया, दारं, तो जिना, तेवढं उचला आणि नव्या घरात बसवा. लाकूड जुनं, घर नवं, झोप शाबूत.

गुण्या
सांगाडा खुंट्यांचा की खिळ्यांचा? ते आधी सांगा. बाकीचं नंतर.

निळीखिडकी
गुण्याकाका, तुळई जिथे खांबात शिरते तिथे बाजूला लाकडाची गोल बुडखं दिसतात, अंगठ्याएवढी. त्याच खुंट्या का?

गुण्या
त्याच. मग सुटेल.

तुळईच्या टोकाला कुसू, म्हणजे बारीक केलेली जीभ, काढलेलं असतं, खांबात त्याच मापाचं भोक. कुसू आत गेलं की आरपार खुंटी. खुंटीने बांधलेलं खुंटी काढून सुटतं. खिळ्यांनी ठोकलेलं सुटत नाही, फाटतं. पातळ उभ्या पट्ट्या आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्या असं घर असतं, तर म्हटलं असतं अख्खं उचलता आलं तर उचला, नाहीतर नाद सोडा. ओंडक्यांवर ओंडके रचलेलं घरही छान सुटतं. तुमचं सांगाड्याचं आहे, चांगलं आहे.

खुंटी एका टोकाला बारीक असते. बारीक टोकाकडून ठोकून काढायची. उलटीकडून ठोकली तर अजून घट्ट बसते. लोक तिथेच पहिली चूक करतात.

धीरोदात्त
अख्खं उचलण्याबद्दल. होतं, आणि पुष्कळ होतं. खालून लोखंडी तुळया सारतात, हायड्रॉलिक जॅक सगळे एका वेगाने वर घेतात, मग खाली चाकं. सगळे जॅक सारखे चढले तर भिंतीला चीरसुद्धा पडत नाही. पण अडचण घरापेक्षा रस्त्याची असते. वळणं, पूल, विजेच्या तारा, वाटेतली झाडं. दोन मजली कौलारू घर आणि दिवसभराची वाट, हे मी तरी करणार नाही. तुमचं घर सुटंच न्यावं लागेल.

वजनाचा अंदाज असू द्या. कोरडं सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो. २० बाय २० सेंटीमीटरची, ५ मीटर लांब तुळई म्हणजे ०.२ घनमीटर, १३० किलो. जमिनीवर चार माणसं उचलतील. पण ती जमिनीवर नाहीये, पहिल्या मजल्याच्या डोक्यावर आहे. क्रेन किंवा साखळीचा कप्पी-गाडा हिशेबात धराच.

टिपकागद
थोडं विषयांतर, पण राहवत नाही.

चिली देशातल्या चिलोए बेटांवर अख्खी लाकडी घरं बैलांच्या जोड्या लावून ओढत नेतात. गावकरी एकत्र जमून हे काम करतात. खाली ओंडके घालायचे आणि ओढायचं. मध्ये पाणी आलं तर भरतीच्या वेळी घर पाण्यावर तरंगवून पलीकडे न्यायचं!

सुटं करून नेलेल्यांत मला आवडतं ते नॉर्वेतल्या वांग गावचं लाकडी चर्च. गावाला नवं हवं होतं, म्हणून १८४१ साली जुनं विकायला निघालं. योहान ख्रिस्तियन डाल या चित्रकाराने खटपट करून प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याला ते घ्यायला लावलं. सोडण्याआधी शिएर्ट्झ नावाच्या वास्तुकाराने सगळ्याची रेखाटनं केली. मग जहाजाने, मग बर्लिनला. तिथे उभं करायचा बेत बदलला, आणि १८४२ साली ते डोंगरात नेलं, आजच्या पोलंडमधल्या कार्पाच इथे. १८४४ पासून ते तिथेच उभं आहे. मूळ लाकडातलं बरंच गळालं, नवं कोरून घालावं लागलं. पण चित्रं होती म्हणून घालता आलं.

रिकामटेकडा_७
म्हणजे राजानेसुद्धा घर आधी घेतलं आणि कुठे ठेवायचं ते नंतर ठरवलं. निळीखिडकी, तुम्ही एकट्या नाही.

कायद्याचंबोला
हसू नका, नेमकं इथेच लोक अडकतात. हे घर तुमच्या जमिनीवर उभं केलंत की बहुतेक ठिकाणी ते कागदोपत्री *नवं बांधकाम* धरलं जातं. जुन्या घराला जे चालून गेलं (जिना उभा, छत बुटकं, खिडक्या इवल्या) ते नव्याला चालेलच असं नाही. म्हणून पहिला फोन सुताराला नाही, बांधकाम परवानगी देणाऱ्या कार्यालयाला. "असं घर, इतक्या मापाचं, इथे उभं करू देता का?" उत्तर लेखी घ्या. ते हातात पडेपर्यंत मालकांना विसारसुद्धा देऊ नका.

दुसरं, विकणाऱ्याचा हक्क. जुनं घर म्हणजे वारस. सगळ्यांच्या सह्या हव्यात. घर कुठल्या वारसा-यादीत असेल तर हलवायलाच बंदी असू शकते.

तिसरं, करार. जोत्याचे दगड कुणाचे? खाली उरलेला राडारोडा कोण उचलणार? वीज-पाणी तोडायची जबाबदारी कुणाची? काम चालू असताना मजूर पडला तर कुणाच्या माथी? आणि मुदत. "पंधरा दिवसांत उत्तर" ठीक आहे, पण पंधरा दिवसांत घर सुटत नाही. उतरवायला किमान दोन-तीन महिने कागदावर मागून घ्या.

पागोळी
उशिरा येतेय. आम्ही हे केलंय. आमचंही दोन मजली, खांब-तुळयांचं. त्यामुळे माझं लिहिणं जरा लांबेल, सांभाळून घ्या.

तपासणी. सोबत एक आरी (चांभाराची टोचणी, करवत नव्हे) घ्या किंवा जुना स्क्रूड्रायव्हर, एक लहान हातोडी, टॉर्च आणि मॉइश्चर मीटर. शोभेच्या जागा बघत बसू नका. तो जिना, ते कोरीवकाम हे सगळं आतल्या कोरड्यात असतं आणि शंभर वर्षं टिकतं. घर मरतं ते कडांना. खांबांचे पाय. तुळईची भिंतीत गाडलेली टोकं. खिडक्यांखालच्या आडव्या पट्ट्या. छपराचे दोन उतार जिथे मिळतात ती पन्हळ, आणि तिच्या थेट खाली जे काही असेल ते. न्हाणीघराची भिंत.

आरी टोचायची. चांगल्या लाकडात ती दोन-तीन मिलिमीटरवर अडते. कुजक्यात लोण्यात शिरल्यासारखी जाते. हातोडीने वाजवलं तर भरीव लाकूड खणखणतं, पोखरलेलं भद भद करतं. मीटरवर २० टक्क्यांच्या वर ओलावा दिसला तर तिथे बुरशीला जगायला वाव आहे, आणि पाणी कुठून येतंय हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. आतलं लाकूड साधारण १२ ते १५ च्या आसपास असावं.

भोकं दिसली म्हणून घाबरू नका. किडे पन्नास वर्षांपूर्वी येऊन गेलेले असू शकतात. खाली काळा कागद अंथरा आणि आठवड्याने बघा. ताजा, पिठासारखा, फिका भुसा पडला तर पाहुणे अजून घरात आहेत. वाळवीचं वेगळं. ती आतून खाते, वरचा पापुद्रा तसाच ठेवते. मातीच्या बारीक नळ्या शोधा, जोत्यापासून वर चढणाऱ्या.

आणि रंग. जुन्या तैलरंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. पॉलिश-पेपरने कोरडा घासू नका, जाळू तर अजिबात नका. आधी तपासून घ्या.

आमच्या घरात खांबांचे पाय गेले होते आणि आम्हाला ते *घेतल्यावर* कळलं, कारण खालच्या दोन फुटांवर कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता. छान गुळगुळीत. त्याच्या आत लाकडाचं चूर्ण. गिलावा दिसला की फोडायची परवानगी मागा. मालक नाही म्हणाले तर उत्तर मिळालं.

निळीखिडकी
पागोळीताई, काय सांगू. तुमचं वाचून आज परत जाऊन आले. आरी घेऊन.

तुळया सगळ्या कडक. भिंतीतली टोकं जिथे हात पोचला तिथे ठीक, फक्त दोन ठिकाणी मीटर २६ दाखवतो, आणि वर बघितलं तर नेमकी तिथलीच कौलं सरकलेली. जिना उत्तम (तुम्ही म्हणालात बघू नका, तरी बघितला). कागद अंथरून आलेय.

पण खालचे बारा खांब, त्यातल्या पाचांना आरी गेली. एकाला तर मूठभर आत. वाईट वाटलं.

गुण्या
किती उंचीपर्यंत?

निळीखिडकी
चौघांना वीतभर. एकाला गुडघ्यापर्यंत.

गुण्या
मग रडायचं कारण नाही. पाय कापायचे आणि नवे जोडायचे. तिरपा, लांब सांधा. खांबाच्या जाडीच्या निदान तिप्पट लांबीचा, आत अडकणारी खाच आणि आडव्या पाचरी. लाकूड त्याच जातीचं, तेवढंच वाळलेलं, रेषा उभ्याच. ओलं लाकूड जोडलंत तर ते नंतर आकसणार आणि सांधा उघडणार.

उतरवलेल्या खांबाचा पाय जोडणं सोपं असतं. उभ्या घरात तेच काम जिवावर येतं. तुम्ही तसंही उतरवणारच आहात.

टिपकागद
जपानी सुतारांच्या भाषेत या कामाला नाव आहे, नेत्सुगी. खांबाचा कुजलेला पाय कापून नवा जोडणं. तिथे जुनी घरं आणि देवळं सुटी करून दुरुस्त करण्याची पद्धत मुरलेली आहे. मिबोरो धरणाच्या पाण्याखाली जाणारं शिराकावा भागातलं यानोहारा घराण्याचं अवाढव्य गवती छपराचं घर १९६० साली असंच योकोहामाच्या सानकेइएन बागेत नेलं.

रिकामटेकडा_७
पाय नवे, खुंट्या नव्या, कौलं अर्धी नवी. मग जुनं काय उरलं? नाव?

पागोळी
माप उरलं. कुठल्या खांबापासून कुठला खांब किती दूर, खिडकी डोळ्यांच्या किती वर, पायरी किती बुटकी, हे सगळं तेच राहतं. आमच्या घरात बाहेरच्या लाकडातलं पाचातलं एक नवं आहे. नवीन कुठलं ते मुद्दाम लपवलं नाही, रंग वेगळा दिसतो. दिसू दे.

रिकामटेकडा_७
ठीक. हा मुद्दा तुमचा. माझा लाकूड विकत घेण्याचा सल्ला अर्धा मागे घेतो.

कायद्याचंबोला
पाच खांब कुजले आहेत हे मालकांना लेखी कळवा आणि रक्कम पुन्हा बोला. आता तुमच्या हातात कारण आहे.

निळीखिडकी
(पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. घर घेतलं!

परवानगीवाल्यांनी वरच्या मजल्याची एक खिडकी मोठी करायला सांगितली, म्हणजे आगीच्या वेळी माणूस बाहेर पडू शकेल एवढी. जिन्याला दुसरा कठडा. बाकी मान्य. मालकांनी खांबांचं ऐकून रक्कम कमी केली आणि तीन महिने दिले. कागदावर ताजा भुसा नव्हता. (नवऱ्याने स्वतः जाऊन बघितलं. आता तो माझ्यापेक्षा जास्त पेटलाय.)

आता सोडायचं कसं ते सांगा. सुतार मिळालेत, पण त्यांनीही अख्खं घर कधी सोडलेलं नाही.

पागोळी
हातोडा उचलायच्या आधी दोन आठवडे फक्त मोजमापं आणि फोटो. हे दोन आठवडे वाचवलेत तर पुढे सहा महिने मोजाल.

आधी जमिनीचा नकाशा. लांबीतल्या ओळींना क, ख, ग. रुंदीतल्या ओळींना १, २, ३. म्हणजे प्रत्येक खांबाला पत्ता मिळाला: ख३. तुळईला दोन टोकांचे दोन पत्ते, ख३–ग३, आणि मजला. फळ्यांना भिंतीचा पत्ता आणि डावीकडून क्रमांक. प्रत्येक तुकड्यावर तीन गोष्टी हव्यात: पत्ता, वर कुठली बाजू, आणि उत्तर कुठे. आम्ही तिसरी विसरलो. दिसायला जुळ्या असलेल्या दोन तुळया उलटसुलट लागल्या आणि एक दिवस गेला. हाताने काढलेलं प्रत्येक कुसू फक्त आपल्याच भोकात जातं. शेजारच्यात नाही.

खूण कशाने करायची? कागदी चिकटपट्टी नको, गळते. खडू नको. मार्कर उन्हात उडतो. पातळ ॲल्युमिनियमच्या पट्टीवर आकडे ठोकून घ्या आणि ती न गंजणाऱ्या बारीक खिळ्याने लावा. लावायची ती कुसवाच्या गालावर किंवा खांबाच्या डोक्यावर, जिथे नंतर दिसणार नाही. आमच्या एका मदतनिसाने उत्साहात दिवाणखान्याच्या तुळईच्या दर्शनी बाजूला लाल रंगात "१४" काढला. तो अजून आहे. पाहुणे विचारतात.

फोटो फोनने काढले तरी चालतात, पण एकावर एक येतील असे, प्रत्येक सांध्याचे चार बाजूंनी. आता त्यातून संगणकावर त्रिमितीय आकृतीही करता येते. एक प्रत कागदावर ठेवा. छपरावर फोनची बॅटरी संपते.

गुण्या
सांधे उघडले की कुसवांवर पटाशीच्या रेघा दिसतील. एक, दोन, तिरकी, फुली. त्या पुसू नका. ज्याने घर केलं त्याने जमिनीवर जुळवून पाहताना केलेले ते क्रमांक आहेत. तुमचा आणि त्याचा क्रमांक जुळला पाहिजे. नाही जुळला तर तुमचा चुकलाय.

धीरोदात्त
उतरवायचा क्रम चढवायच्या उलटा, हे सगळ्यांना माहीत असतं. विसरतात ते हे, की फळ्यांच्या भिंती काढल्या की सांगाडा डुलायला लागतो. त्या भिंतीच त्याला धरून होत्या. फळ्या काढायच्या आधी प्रत्येक दालनात तिरके आधार ठोका, दोन्ही दिशांनी. आणि वाऱ्याच्या दिवशी काम बंद.

निळीखिडकी
(सात आठवड्यांनी)

घर खाली आलं. एकही माणूस जखमी नाही. एकही तुळई मोडली नाही, एक सोडून.

ती एक कशी मोडली तर, सांधा हलत नव्हता, आणि एकाने पहार घातली. कुसू मुळाशी तुटून भोकातच राहिलं. गुण्याकाकांनी सांगितलं होतं की खुंटी बारीक टोकाकडून काढा, आम्ही काढलीही. पण त्या सांध्यात आतून *दुसरी* खुंटी होती, वरून दिसत नव्हती. रागवू नका.

रेघा सापडल्या. एका कुसवावर फुलीशेजारी छोटं पान कोरलंय, निव्वळ गंमत म्हणून. सहा माणसं काम थांबवून बघत राहिली.

गुण्या
रागवत नाही. सांधा अडला तर दोन्ही टोकं सारखी सारखी मोकळी करत जायची. एका बाजूने ओढलं की दुसरीकडचं कुसू वाकतं. पहार नको, लाकडी मोगरी आणि मध्ये मऊ लाकडाचा ठोकळा. आता मोडलंच आहे तर तुळईच्या टोकात खाच पाडा, घट्ट लाकडाचं वेगळं कुसू बनवून अर्धं आत बसवा, खुंट्या मारा. जुन्याइतकंच काम देईल.

रचून कसं ठेवलंय?

निळीखिडकी
जमिनीवर विटा, त्यावर लाकूड, वरून प्लॅस्टिक घट्ट गुंडाळलंय. पाऊस आहे ना.

गुण्या
आजच्या आज प्लॅस्टिक काढा.

पागोळी
काका बरोबर बोलतायत. आतली वाफ आतच राहते आणि जे शंभर वर्षांत झालं नाही ते दोन महिन्यांत होतं. जमिनीपासून गुडघाभर उंच रचा. प्रत्येक थरामध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, दोन-दोन फुटांवर, आणि खालच्या थराची पट्टी वरच्याच्या बरोब्बर खाली. नाहीतर तुळया बाक धरतात. वर पत्र्याचं छप्पर, बाजू उघड्या.

आणि रचताना डोकं लावा: खांब सगळ्यात शेवटी उतरतात आणि सगळ्यात आधी लागतात. ते वर किंवा पुढे हवेत. आम्ही त्यांना तळाशी घातलं होतं. अख्खा ढीग दोनदा हलवला.

निळीखिडकी
काढलं. आतून ओलसर होतं, दोन फळ्यांवर पांढरी लव. पुसून वाळत घातल्यात. थँक्यू दोघांनाही.

किड्यांसाठी औषध मारायचं का? एक जण म्हणतो डिझेल मारा.

पागोळी
डिझेल नको!! वास वर्षानुवर्षं जात नाही आणि घर पेटायला तयार.

धीरोदात्त
जिवंत कीड नसेल तर उगाच काही नको. असेल तर उष्णता उत्तम. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं राहिलं की किडा आणि अळी दोन्ही संपतात. परदेशी माल पाठवायच्या लाकडी खोक्यांना हाच नियम आहे. पण गाभ्यापर्यंत, भट्टीच्या हवेचं तापमान नव्हे. जाड खांबाला तास न् तास लागतात. पुढच्या बचावासाठी टाकणखार आणि बोरिकचं पाणी चालतं, फक्त पावसात ते धुऊन जातं, म्हणून छपराखाली येणाऱ्या लाकडालाच.

आता खरी गोष्ट. नवं जोतं कुठवर आलंय?

निळीखिडकी
आखणी झालीय. गवंडी फार नीटस आहे, चारही कोपरे काटकोनात, दोरी लावून दाखवले.

धीरोदात्त
थांबा. जुन्या घराचे कर्ण मोजले होते का?

निळीखिडकी
मोजले होते. कागद बघून सांगते. ९ मीटर बाय ६ मीटर. एक कर्ण १०.८७, दुसरा १०.७७.

धीरोदात्त
म्हणजे तुमचं घर काटकोनात नाही. ६ मीटरच्या रुंदीत साधारण ६ सेंटीमीटर तिरकं आहे. बांधलं तेव्हाच तसं होतं की नंतर कललं, हे आता महत्त्वाचं नाही, कारण सांधे त्या तिरकेपणाला सरावलेत. जोतं अचूक काटकोनात केलंत तर खालचे खांब बसतील, आणि वरच्या तुळया एकेक करून बोटभर तोकड्या किंवा लांब पडायला लागतील. मग सुतार करवत काढेल. आणि एकदा करवत निघाली की थांबत नाही.

पागोळी
अगदी हेच! आमच्याकडे तिसऱ्या दिवशी करवत निघाली होती. गवंडी चांगला असणं घातक ठरतं कधीकधी.

गुण्या
आणखी एक. खांब सगळे एका लांबीचे नाहीत. मोजा. प्रत्येक खांब आपापल्या तळखड्यावर बेतून कापलेला असतो. दगड उंच तर खांब आखूड. तळखडे आणलेत ना?

निळीखिडकी
आणलेत. क्रमांक घालून. (कायद्याचंबोला, करारात दगड लिहायला लावलेत त्याबद्दल तुम्हाला साष्टांग.) खांब मोजले, सगळ्यात लांब आणि आखूड यांत ४ सेंटीमीटरचा फरक.

गुण्या
मग पाण्याची नळी घ्या आणि प्रत्येक दगडाचा माथा त्याच्या त्याच्या खांबाप्रमाणे बसवा. दगड आणि लाकूड यांच्यामध्ये तांब्याचा किंवा शिशाचा पातळ पत्रा, ओल चढू नये म्हणून. जमिनीपासून दगडाचा माथा हातभर वर असू द्या. तुमचे पाच पाय कशाने गेले हे विसरू नका.

निळीखिडकी
गवंड्याला "वाकडं बांध" सांगायला गेले. त्याने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. शेवटी जुना नकाशा त्याच्यापुढे ठेवला आणि सुताराला शेजारी उभं केलं. दोन दिवस रुसून होता, मग स्वतःच म्हणाला, "घराला वाकडं हवंय तर वाकडं."

रिकामटेकडा_७
हे वाक्य दारावर कोरा.

निळीखिडकी
(आठ महिन्यांनी)

मंडळी, राहायला येऊन दोन महिने झाले. मध्ये लिहायला फुरसत मिळाली नाही. सांगाडा अकरा दिवसांत उभा राहिला. अकरा! बाकीचे महिने छप्पर, वायरी, नळ आणि कुणीतरी न येण्यात गेले. वायरिंगवाल्याला सांध्यांच्या आसपास भोकं पाडू नकोस हे रोज सकाळी सांगावं लागलं. मोठी खिडकी झाली, जिन्याला दुसरा कठडा झाला, नवा कठडा फिका दिसतो. तसाच ठेवलाय. पानाची खूण असलेलं कुसू ग२ मध्ये परत गेलं, आता कुणाला दिसणार नाही. फोटो आहे.

एकच तक्रार. उत्तरेकडचं दार गेल्या पंधरवड्यापासून वरच्या कोपऱ्यात अडकतं. खांदा लावून उघडावं लागतं. सुतार म्हणतो रंधा मारून घेऊ. मारू का?

धीरोदात्त
पावसाळी दमट हवा आहे का सध्या? लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हलतं. पूर्ण ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत कापणीनुसार साधारण ४ ते ८ टक्के. त्यातला थोडासा खेळ दर हंगामात चालूच राहतो. फळीचं दार दमट दिवसांत दोन-चार मिलिमीटर फुगणं सहज आहे.

गुण्या
रंधा ठेवून द्या. आत्ता काढलेलं कोरड्या दिवसांत परत आणता येणार नाही, फट राहील.

पण आधी चौकटीला ओळंबा लावा. दार फुगलं असेल तर अख्ख्या उंचीला घट्ट लागेल. नुसतं वरच्या कोपऱ्यात लागतंय म्हणता.

निळीखिडकी
लावला. चौकट वरच्या बाजूला ५ मिलिमीटर बाहेर झुकलीय. उभं केलं तेव्हा सरळ होती, फोटोत ओळंब्याची दोरी दिसतेय.

गुण्या
त्या दाराच्या डोक्यावरची तुळई कुठली? क३–ख३?

निळीखिडकी
हो. काका, तुम्हाला कसं कळलं?

गुण्या
उत्तरेचं दार, वरचा कोपरा. नकाशा तुम्हीच टाकला होतात. तिथल्या खुंट्या जुन्या की नव्या?

निळीखिडकी
नव्या. आठवतंय, त्या दिवशी खुंट्या संपल्या होत्या आणि सुताराने तिथल्या तिथे दोन करून मारल्या.

गुण्या
ओल्या लाकडाच्या असणार. वाळल्या, आकसल्या, सांधा सैल झाला. दाराला हात लावू नका. वर जाऊन खुंटी चिमटीत धरून फिरते का बघा.

निळीखिडकी
टॉर्च शोधतेय. माळ्यावर चाललेय, आलेच.